बिंदग्याचं बिनधास्त

आमच्या चाकूरकडं म्हातारी बाई अनोळखी पोरीला पाहिलं की आधी एकच गोष्ट विचारते. "कुणाची गं तू?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. तुम्ही जनगणनेला आलेले असा, पोलिओचा डोस घेऊन आलेले असा, नाहीतर पीएच.डी.साठी मुलाखत घ्यायला आलेले असा, आधी कुणाची ते सांगा. गाव, घर, मामा कुठला, एवढं जुळलं की चहा, आणि चहा झाला की मग तुमचं काय काम आहे ते. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधामागं मुलाखतींचा हा ढीग जोडलेला होता आणि त्यात एकाही म्हातारीनं तिला हा प्रश्न विचारलेला नव्हता. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी नांदेडला एका कॉलेजात मराठी शिकवतो. गाव चाकूर तालुक्यातलं, नोकरीनं नांदेडचा झालो. स्वभाव पहिल्यापासून संशयी. बायको म्हणते, भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबिरीची काडी जास्त टाकली तरी तुमचं डोकं चालायला लागतं. लागतं तर लागतं. फुकट कोथिंबीर कुणी देत नसतं.

आता तर या स्वभावाला खुराकच मिळाला. आमच्याकडची पोरं एआयचं नाव घेत नाहीत. जुन्या बाया नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत तसंच. "त्याला विचारलं सर", "त्यानं सांगितलं", "त्याच्याकडून करून घेतलं." गृहपाठ त्याच्याकडून, परिसंवादाचा निबंध त्याच्याकडून, निरोप समारंभाचं भाषणही त्याच्याकडून. मागं एक पोरगं डोळ्यांत पाणी आणून आमच्या कॉलेजला 'ज्ञानाचा वटवृक्ष' म्हणालं. आमच्या आवारात एक कडुनिंब आहे, तोही वाळलेला. आणि पोरांनाच कशाला नावं ठेवा? आमचे एक सहकारी प्रश्नपत्रिका त्याच्याकडून काढून घेतात. पोरं उत्तरं त्याच्याकडून आणतात. परवा ते म्हणत होते, तपासायलाही त्यालाच बसवावं. मी म्हणालो, "मग आपण काय करायचं?" ते म्हणाले, "आपण च्या प्यायचा."

तर ही विद्यार्थिनी. हदगावकडची. घरी शेती, कापूस आणि सोयाबीन. थोरली बहीण उमरीला दिलेली. ही पोरगी हट्टानं शिकली आणि तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवत होती. सकाळी एकीकडं, दुपारी दुसरीकडं, मधला वेळ एसटीत. एका कॉलेजात कायम जागेची जाहिरात निघाली होती. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी प्रबंध जमा झाला तर तिचा नंबर लागण्यासारखा होता, आणि अशी जाहिरात आमच्या भागात ग्रहणासारखी कधीतरीच येते. प्रबंध जमा करायला मार्गदर्शकाची सही लागते. मार्गदर्शक मी. त्यामुळं तिचं सगळं माझ्या पेनाशी येऊन अडलेलं होतं.

तिचा विषय होता येळवशीला बायका बोलतात ती भाषा. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडं त्या दिवशी अख्खं गाव रानात जातं. कडब्याची खोप करायची, आत दगडांचे पांडव मांडून पुजायचे, मिसळभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, येईल त्याला बोलावून जेवू घालायचं. गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा सापडत नाही. हदगावकडं हा सण नाही, म्हणून तिला काही ठाऊक नव्हतं. मला ते बरंच वाटलं. ज्याला ठाऊक नसतं तो नीट विचारतो, असा माझा समज होता.

पण अनोळखी गावात "कुणाची गं तू"ला ती काय सांगणार? म्हणून मी तिला सरळ माझ्या आईकडं पाठवलं होतं. आई गावाकडंच राहायची. येळवशीच्या आदल्या दिवशी पोरगी गेली, राहिली, आईबरोबर रानात गेली. संध्याकाळी आईचा फोन. "पोरगी गुणाची हाय. पर लई वाळलीय. तुमी तिला खायला देता का निस्तं शिकवता?" पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. झोपेतच गेली, कुणाला तसदी न देता. आणि नंतर लक्षात आलं की माझ्याकडं तिचे फोटो आहेत, पण आवाज नाही. मी रोज फोन करायचो, पण रोजचं बोलणं कोण रेकॉर्ड करून ठेवतं? प्रबंधाच्या मुलाखतींमध्ये आईची मुलाखत आहे, ध्वनिमुद्रण पोरीकडं आहे, एवढा एक आधार मी मनात धरून बसलो होतो. काम चालू असताना मागायचं नाही, प्रबंध झाला की मागून घेऊ, असं ठरवलेलं.

तर तो प्रबंध टेबलावर आला. नक्कल तपासणीचा अहवाल अगदी स्वच्छ, धुतल्या तांदळासारखा. मी आधी मागची पानं उघडली, आईला शोधायला. नावं द्यायची नसतात, त्यामुळं सगळ्या बाया 'एक ज्येष्ठ शेतकरी महिला' होत्या. आणि सगळ्या एकाच सुरात बोलत होत्या. कुणी खोकत नव्हती, कुणी सुनेला शिव्या देत नव्हती, कुणी गुडघेदुखीवर येत नव्हती. म्हातारी बाई बोलायला लागली आणि गुडघ्यांवर आली नाही, असं झालंय कधी? "वेळ अमावस्या हा केवळ सण नसून निसर्गाप्रती कृतज्ञता व्यक्त करण्याचा सोहळा आहे," असं एक ज्येष्ठ शेतकरी महिला म्हणत होती. दुसरी म्हणत होती, "या सणातून सामाजिक सलोखा वृद्धिंगत होतो." मी मोठ्यानं म्हणालो, "वृद्धिंगत! अगं माय!" बायको आतून विचारायला लागली, काय झालं म्हणून.

पहिला संशय हाच आला की पोरगी गेलीच नाही, सगळं घरबसल्या त्याच्याकडून लिहून घेतलं. पण आईकडं तर गेली होती. मग मी आमच्या गावाचे तपशील असलेली मुलाखत हुडकून काढली. खोप कुठं केली, विहीर कुठली, हे बरोबर आमचंच होतं. म्हणजे ही आई. आणि आई काय म्हणत होती?

"आम्ही स्त्रिया त्या दिवशी बिनधास्तपणे डोक्यावर जबाबदारी घेऊन शेतात जात असू."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. माझ्या आईनं उभ्या जन्मात डोक्यावर सरपण घेतलं, गवताचा भारा घेतला, मला घेतलं. जबाबदारी घेतल्याचं मला आठवत नाही. आणि बिनधास्त हा शब्द तिच्या तोंडी? तिला तो सिनेमातल्या पोरींचा शब्द वाटायचा. मग मी ते वाक्य तिच्या चालीवर, तिच्यासारखा हेल काढून म्हणून पाहिलं. बिन... डोक्यावर घिऊन... बिनद... आणि एकदम डोक्यात उजेड पडला. बिंदगं! "बिंदगं डोक्यावर घिऊन रानात जायचो."

बिंदगं म्हणजे घागर. कानडी मुलखातून आमच्याकडं आलेला शब्द. येळवशीला आंबील बिंदग्यात भरतात आणि घरची बाई ते डोक्यावर घेऊन रानात जाते, मागं बाकीचं लटांबर. मुलाखती ऐकून लिहायचं कामही तिनं त्याच्याकडंच दिलं असणार. यंत्रानं ऐकलं, त्याला बिंदगं ठाऊक नाही, त्यानं आपल्या ओळखीचा शब्द लावला: बिनधास्त. मग डोक्यावर काय, हे रिकामं राहिलं. मग त्यानंच तिथं जबाबदारी ठेवली. आंबील सांडली ती सांडलीच.

मी हसलो. खरंच सांगतो, आधी पोट धरून हसलो. मग प्रबंधाचं पुढचं प्रकरण उघडलं आणि हसू गेलं. त्याचं नाव होतं, 'बिनधास्त: वेळ अमावस्या आणि ग्रामीण स्त्रीचे निर्भय अवकाश'. त्या एका चुकीच्या शब्दावर अख्खं प्रकरण उभं. निष्कर्षही त्याच्यावरच. याच विषयावर तिनं लातूरच्या एका परिसंवादात निबंध वाचला होता, आणि तिथल्या जाणत्या लोकांनी माना डोलावल्या होत्या. त्या मानांमध्ये एक मान माझीही होती.

दुसऱ्या दिवशी तिला विभागात बोलावलं.

"एकीनं तरी तुला विचारलं का, कुणाची गं तू?"

"हाव सर. सगळ्यांनीच विचारलं."

"मग ते कुठंय?"

ती म्हणाली, "त्यानं काढून टाकलं. मी म्हणलं होतं, असंबद्ध मजकूर काढ, भाषा शुद्ध कर."

"भाषेवर प्रबंध, आणि भाषा शुद्ध कर?"

ती हळूच म्हणाली, "सर, दोन कॉलेजं करून राहिले. ऐकून ऐकून लिहायचं म्हणलं तर वर्ष गेलं असतं. सगळेच करून राहिलेत."

"आणि बिंदगं?"

तिला शब्दच कळला नाही. मी समजावून सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला. ती हुशार आहे, प्रकरण कुठवर कोसळतं ते तिला माझ्या आधी दिसलं असावं. मी म्हणालो, "बरं. मूळ रेकॉर्डिंग आण. आपण दोघं बसून ऐकू." आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला प्रबंधाचं काही पडलेलं नव्हतं, मला आईला ऐकायचं होतं.

"ते उडवले सर."

"काय?"

"फोन भरला होता. लिहून झालं म्हणून उडवले."

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच आठवतं की मी ओरडलो, "माझी आई होती गं ती! ती काय तुझा डेटा होती काय?" बाहेर पोरं थबकली. ती रडायला लागली. मी म्हणालो, सही होणार नाही. ती म्हणाली, "सर, जाहिरात..." मी म्हणालो, जाहिरात गेली खड्ड्यात. ती फाईल तिथंच ठेवून निघून गेली.

नंतर काही दिवस मी घुम्यासारखे काढले. मनात एकच किडा. एकदा बसल्या बसल्या मी फोनवर त्यालाच विचारलं, वेळ अमावस्येला बायका रानात कशा जातात? पोरांसारखं मीही त्याला 'त्याला' म्हणायला लागलो, हे तेव्हा लक्षात आलं. त्यानं क्षणात उत्तर दिलं, लई गोड भाषेत. मराठवाड्यात या दिवशी स्त्रिया बिनधास्तपणे शेतात जातात, हे त्यांच्या निर्भयतेचं प्रतीक मानलं जातं. खाली आधार म्हणून दिला होता तो माझ्याच विद्यार्थिनीचा परिसंवादातला निबंध. त्यानंच चुकीचं ऐकलं, तिनं ते छापलं, आम्ही माना डोलावल्या, आणि आता तो तेच आम्हाला शिकवत होता. उद्या आमच्याच गावातली एखादी पोरगी हे वाचेल आणि म्हणेल, आपली पणजी बिनधास्त होती. तिच्या डोक्यावरची घागर कुणालाच दिसणार नाही. माझा इतका संताप झाला की मी फोन पालथा ठेवून दिला.

अर्जाची शेवटची तारीख तोंडावर आली असताना ती पुन्हा आली. बरोबर बहीण, उमरीची. बहीण दारातच थांबली. पोरीनं फोन माझ्यापुढं धरला. म्हणाली, "सर, एक तुकडा सापडला. सुरुवातीचा. यात माहिती काही नाही म्हणून त्याला दिलाच नव्हता. पण ताईला पाठवला होता, हसायला म्हणून. तिच्याकडं राहिला."

"हसायला म्हणून?"

तिनं मान खाली घातली आणि फोन चालू केला.

आधी भांड्यांचा आवाज. मग आई. "आगं, हे बिंदगं धर जरा, सांडंल आंबील. धरलंस? हां... कुणाची गं तू?"

मी फोनकडं पुढं वाकलो. आणि इथं मला माझीच लाज वाटते पण लिहितो, त्याच वेळी मनात आलं, हे खरं कशावरून? आजकाल आवाजही बनवून मिळतो. सहीसाठी हिनं बनवून आणला असेल तर? मी आवाजाकडं लक्ष द्यायचं सोडून पोरीच्या तोंडाकडं बघत बसलो. मेलेल्या आईचा आवाज कानावर पडतोय आणि मी खातरजमा करतोय. या यंत्रानं माझं काही चोरलं असेल तर ते हे.

फोनमध्ये पोरगी म्हणत होती, "मी हदगावची. सरांची विद्यार्थिनी."

"कोण सर? आमचं त्ये?" आई हसली. खोकला आला तिला, तो तिचाच, शेवटी शीळ वाजल्यासारखा. "त्येला बी सर म्हणायलेत व्हय आता? लई संशयी हाय बग त्ये. ल्हानपणी आंबील दिली की आदी वास घ्यायचं. मग माज्या तोंडाकडं बगत बसायचं, मी आदी पिते का न्हाई म्हणून. सोताच्या आईवर इस्वास न्हाई, तुज्यावर काय ठिवणार? पर तू भिऊ नको. कायबी म्हणलं तर मला सांग. तू आता आमचीच की. बस. आदी च्या पी."

तिथं ते संपलं.

आंबिलीचं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. आणि आता पन्नाशी उलटल्यावर मी अगदी तसाच बसलो होतो, समोरच्याच्या तोंडाकडं बघत. दारातली बहीण पदरानं डोळे पुसत होती. मी फोनकडं बोट दाखवलं आणि कसंबसं म्हणालो, "अगं, हातात धरलं होतंस की तू. बिंदगं."

"हाव सर," ती म्हणाली. "लई जड होतं."

ती आपण होऊन म्हणाली, सही नका करू. मी नाहीच केली. प्रबंधाच्या मुदतवाढीचा अर्ज मात्र दोघांनी मिळून केला. ती जागा गेली, दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याचा प्रबंध कुणी लिहिला, हे मी विचारलं नाही, पण संशय आहे. तो राहणारच. परिसंवादवाल्यांना आम्ही चूक कळवली. त्यांचं उत्तर आलं, तुमच्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. त्या उत्तराच्या भाषेवरूनही मला संशय आहेच.

येळवशीला तिला घेऊन मी गावाकडं गेलो. आई गेल्यावर पहिल्यांदाच. आमच्या शेजारची म्हातारी, आईची जन्माची मैत्रीण, ओट्यावर आंबिलीचं बिंदगं भरून निघायच्या तयारीत होती. पोरगी रेकॉर्डर चालू करून फोन हातात धरून उभी राहिली. म्हातारीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कुणाची गं तू?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. तिला उत्तर ठाऊक होतं, पण ते तिनं द्यायचं की नाही, हे ती मला विचारत होती.

मी पुढं झालो. म्हणालो, "आमचीच हाय, काकू."

"मग उबी का ऱ्हायलीस?" म्हातारी तिच्यावर डाफरली. "हे बिंदगं धर."

तिनं फोन पिशवीत टाकला आणि दोन्ही हातांनी धरलं.